रुग्णवाहिकेवर काम करायचंय, पण वाट अडलीय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपत्कालीन वैद्यकीय सेवेत येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी शिकवते, आणि ज्यांचं कुठेतरी अडलंय त्यांचेच निरोप मला जास्त येतात. कुणाची नीट ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा हुकलीय, कुणी प्रॅक्टिकलला पुन्हा बसतंय, कुणाला नोकरी लागून महिना होत नाही तोच सोडावंसं वाटतंय. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वाचण्याआधी एवढंच करा: तुमचा अडथळा कागदाचा आहे, हाताच्या सरावाचा आहे, शरीराचा आहे की मनाचा, हे ओळखा. बहुतेक जण भलत्याच ठिकाणी जोर लावून दमतात. हात कच्चा असतो आणि ते आणखी एक सर्टिफिकेट घ्यायला धावतात.

१. रुग्णवाहिकेवर नेमकं कोण काम करतं? ईएमटी, पॅरामेडिक, पायलट यांत फरक काय?

गाडी चालवणाऱ्याला या क्षेत्रात पायलट म्हणतात. रुग्णाजवळ बसून उपचार करणारा तो ईएमटी, म्हणजे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन. त्यात बेसिक आणि ॲडव्हान्स्ड असे टप्पे आहेत. बेसिकवाला श्वासमार्ग मोकळा करतो, ऑक्सिजन लावतो, रक्तस्राव थांबवतो, मोडलेला हातपाय स्प्लिंटमध्ये बांधतो, सीपीआर देतो म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून श्वास देतो, एईडी हे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र वापरतो, वेळ आली तर गाडीत बाळंतपण करतो. ॲडव्हान्स्डवाला त्यापुढे जाऊन सलाईन लावतो, मॉनिटर वाचतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधं देतो. पॅरामेडिक हा शब्द आपल्याकडे सैल वापरला जातो, त्यामुळे जाहिरातीत तो दिसला की पात्रतेचा रकाना वाचल्याशिवाय अर्ज करू नका.

महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुलांना एक गोष्ट उशिरा कळते. आपली १०८ सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली ती ९३७ रुग्णवाहिकांची: २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या. या गाड्यांवर पायलटसोबत डॉक्टर नेमण्याची पद्धत पडली, बहुतेक बीएएमएस, बीएचएमएस किंवा बीयूएमएस, म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीची पदवी झालेले. गोव्यात, गुजरातेत, कर्नाटकात १०८वर त्या जागी ईएमटी असतो. म्हणून महाराष्ट्रात राहून ईएमटी व्हायचं असेल तर नुसत्या १०८कडे डोळे लावून बसू नका. मोठ्या रुग्णालयांच्या कॅज्युअल्टी, त्यांच्या स्वतःच्या रुग्णवाहिका, खासगी रुग्णवाहिका कंपन्या, विमानतळ, मॅरेथॉन आणि क्रिकेट सामन्यांची स्टँडबाय ड्युटी इथे जागा निघतात. कारखाने तर पुष्कळांच्या लक्षातच येत नाहीत. ५०० पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ॲम्ब्युलन्स रूम ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि चाकण, तळोजा, बुटीबोरी, वाळूज या पट्ट्यांत असे कारखाने थोडेथोडके नाहीत.

२. शिक्षण किती लागतं? बारावी सायन्सच हवी का?

पदवीसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागतं. पदवी तीन-चार वर्षांची असते आणि तिच्यात इंटर्नशिप येते. त्याखाली पदविका आहेत, आणि त्याखाली काही महिन्यांचे कौशल्य अभ्यासक्रम, ज्यांतून बेसिक ईएमटी होता येतं.

२०२१मध्ये केंद्रानं नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स हा कायदा केला. त्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हे नाव स्पष्ट आहे. या कायद्यानुसार पदविका किंवा पदवी किमान २,००० तासांची आणि दोन ते चार वर्षांत पसरलेली असायला हवी. याचा सरळ परिणाम असा की पुढची वीस-पंचवीस वर्षं याच कामात काढायची असतील तर सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटवर थांबू नका. पैशांची अडचण असेल तर आधी छोटा कोर्स करून नोकरीला लागा आणि पदविकेसाठी पैसे साठवा. हा रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही.

३. नीटमध्ये दोनदा हुकलो. घरचे म्हणतात, डॉक्टर नाही झालास म्हणून आता हे करणार? हे दुय्यम काम आहे का?

नाही. हृदय बंद पडलेल्या माणसाला सीपीआर मिळाला नाही तर दर मिनिटाला त्याच्या वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. रुग्णालयात कितीही मोठा हृदयरोगतज्ज्ञ उभा असला तरी ती गेलेली मिनिटं त्याला परत आणता येत नाहीत. ती मिनिटं रस्त्यावरच्या, जिन्यातल्या, शेतातल्या माणसाच्या हातात असतात.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगते. ईएमटीपासून एमबीबीएसपर्यंत जाणारा कुठलाही जिना नाही. मनातून एमबीबीएस सुटलं नसेल तर तारीख ठरवून आणखी एक प्रयत्न करा, तो संपू द्या, आणि मग या. हुकलेल्या जागेचं दुःख घेऊन आलेल्या मुलाला प्रत्येक ड्युटी शिक्षा वाटते. असे विद्यार्थी मी पाहिले आहेत. हुशार असतात, पण वर्षभरात निघून जातात. जे ठरवून येतात त्यांना नीटचा अभ्यास इथे फार उपयोगी पडतो. रक्ताभिसरण, श्वसन, इन्सुलिन हे सगळं त्यांचं आधीच पक्कं असतं.

४. बारावीला गुण कमी, मध्ये तीन वर्षांचा गॅप, शिवाय शाखा कला. आता काय?

तीन वेगळ्या अडचणी आहेत, तशाच सोडवा. गुण कमी असले तर पदवीचं एखादं कॉलेज हुकेल, क्षेत्र हुकत नाही. गॅप असेल तर शपथपत्र करून ठेवा आणि मुलाखतीत त्या काळात काय केलं ते थेट सांगा. वडिलांचं आजारपण काढलं, गॅरेजमध्ये काम केलं, शेती केली, यात लपवण्यासारखं काही नाही. आजारी माणसाची शुश्रूषा केली असेल तर ते आवर्जून सांगा.

शाखेची अडचण खरी आहे. पदवी करायची असेल तर विज्ञानाचे विषय घेऊन बारावी पुन्हा द्यावी लागेल, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, नोकरी सांभाळून ते करता येतं. तोपर्यंत पायलट म्हणून (प्रश्न ११) किंवा रुग्णालयात वॉर्डबॉय, कॅज्युअल्टी अटेंडंट म्हणून शिरता येतं. दहावीच अर्धवट असेल तर ती बाहेरून देण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरा आणि आधी ती संपवा.

५. भरपूर फी भरली आणि संस्था बोगस निघाली. आता सर्टिफिकेटला किंमत नाही. पुन्हा सुरुवात करायची ताकद उरलेली नाही.

या निरोपांनी मला सगळ्यात जास्त संताप येतो, कारण फसणारी बहुतेक पहिल्या पिढीची शिकणारी मुलं असतात.

आधी काय वाचवता येईल ते बघू. भरलेल्या फीच्या पावत्या, जाहिरातीचं माहितीपत्रक, व्हॉट्सॲपवरचे संदेश सगळं जपा. पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जा. तिथे स्वतःची बाजू स्वतः मांडता येते, वकील लागतोच असं नाही. दुसरं, सर्टिफिकेट खोटं असलं तरी तिथे काही खरं शिकला असाल तर ते तुमच्याकडे आहे. बीएलएसचा, म्हणजे बेसिक लाइफ सपोर्टचा, मान्यताप्राप्त कोर्स एका दिवसाचा असतो. तो करा, हात दाखवा, आणि रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत प्रशिक्षणार्थी म्हणून विचारा.

पुढच्या वेळी फी भरण्याआधी हे बघा. पदवी असेल तर विद्यापीठ कोणतं, आणि त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर या कॉलेजचं नाव आहे का? पदविका असेल तर महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण मंडळाची किंवा आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मान्यता आहे का? कोणत्या रुग्णालयात पोस्टिंग होतं? त्या रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा. मॅनिकिन, म्हणजे सरावाचे पुतळे, किती आहेत ते डोळ्यांनी पाहा. घरबसल्या पॅरामेडिकल डिप्लोमा विकणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नका. छाती किती दाबायची हे मोबाइलच्या पडद्यावरून हाताला कळत नाही. यूजीसीनंही २०२५मध्ये प्रश्न २मध्ये सांगितलेल्या कायद्याखालचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला मनाई केली आहे.

६. लेखी परीक्षेत चांगले गुण मिळतात, प्रॅक्टिकलला मात्र पुन्हापुन्हा नापास. मला हे जमणारच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण हा अडथळा निव्वळ हाताचा आहे आणि हात शिकतात.

परीक्षक प्रसंग ठेवतो: दुचाकी घसरली, तरुण रस्त्यावर पडलाय, मांडीवर जखम, घशातून घरघर. बहुतेक मुलं धावत जाऊन मांडी बांधायला घेतात, कारण रक्त दिसतं. तिथेच ती नापास झालेली असतात. जागा सुरक्षित आहे का, मागून गाड्या येतायत का, पेट्रोल सांडलंय का, हातमोजे, जखमी किती, हे सगळं राहून जातं. मग रक्ताकडे बघायचं. धो-धो वाहत असेल तर ते आधी थांबवायचं, नुसतं झिरपत असेल तर घरघर आधी. घरघर म्हणजे घशात रक्त किंवा उलटी आहे, सक्शन हवं, म्हणजे ती यंत्रानं ओढून काढायला हवी. आणि मानेला इजा असू शकते म्हणून डोकं मागे झुकवायचं नाही, जबडा पुढे ढकलायचा. हा क्रम पाठ असतो सगळ्यांना. परीक्षेत मोडतो तो घाईनं.

म्हणून सराव असा करा. तिघांचा गट करा: एक ईएमटी, एक रुग्ण, एक हातात चेकलिस्ट घेऊन परीक्षक. दर फेरीला भूमिका बदला. परीक्षक झाल्यावर दुसऱ्याचं काय सुटतं ते दिसतं आणि मग स्वतःचं सुटत नाही. प्रत्येक कृती मोठ्यानं बोला, कारण परीक्षक तुमच्या मनातलं ऐकू शकत नाही. हातमोजे घातलेत असं गृहीत धरून चालत नाही, "हातमोजे घालतो आहे" असं म्हणावं लागतं. मोबाइलवर चित्रण करून रात्री एकट्यानं बघा.

सीपीआरचे आकडे सगळ्यांना येतात: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर २ श्वास. वेगासाठी मोबाइलवर मेट्रोनोम ११०वर लावा. खोलीसाठी मात्र उशीवर सराव करू नका, हाताला खोटी सवय लागते. संस्थेकडे मॅनिकिनचा जादा तास मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा, तुम्ही फी भरली आहे. दाबल्यानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची असते, हे दमलेला हात हमखास विसरतो. अंबू बॅगेतही, म्हणजे हातानं दाबून श्वास देण्याच्या पिशवीतही, तसंच. नवखी मुलं मास्क चेहऱ्यावर खाली दाबतात आणि जबडा वर उचलायचा राहतो, मग हवा छातीऐवजी पोटात जाते. तीन बोटांनी जबडा मास्ककडे उचलायचा, एका सेकंदात श्वास द्यायचा, छाती उचलली की थांबायचं.

नापास झालात की नुसता निकाल घेऊन घरी जाऊ नका. कोणत्या पायरीवर नापास केलं ते विचारून लिहून घ्या. बहुतेकदा एकच पायरी असते. माणूस मात्र सगळंच गेलं असं समजून बसतो.

७. माझं सगळं शिक्षण मराठीत. इंग्रजीमुळे मुलाखतीत तोंड उघडत नाही.

या कामाला लागणारं इंग्रजी फार थोडं आहे आणि त्याचा साचा ठरलेला आहे. रुग्णाचं वय, काय झालं, कधी झालं, तपासल्यावर काय आढळलं, नाडी-रक्तदाब-ऑक्सिजन-साखर, आपण काय केलं, त्यानंतर काय फरक पडला. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला रुग्ण सोपवताना हीच सात-आठ वाक्यं बोलायची असतात. रोज एक काल्पनिक रुग्ण घेऊन ती मोठ्यानं म्हणा, सवय होईल.

आणि तुमच्याकडे काय आहे तेही बघा. "झटका आला" असं नातेवाईक म्हणतात तेव्हा ते फिट, हार्ट अटॅक आणि लकवा यांपैकी काहीही असू शकतं. हात-पाय झाडत होता का, छातीत दुखत होतं का, तोंड वाकडं झालं का, हे त्यांच्याच बोलीत विचारावं लागतं. कोकणात "जनावर लागलं" म्हणून फोन आला तर साप डोक्यात यायला हवा. छातीतल्या कळीला गावोगावी आधी "गॅस झालाय" म्हणतात. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोरकू, गोंडी, यांतलं काही येत असेल तर मुलाखतीत स्वतःहून सांगा.

८. रक्त पाहिलं की मला भोवळ येते. तरी हे काम करू शकेन?

बहुधा हो. रक्त पाहून काहींचा रक्तदाब एकदम खाली जातो, हा शरीराचा प्रतिसाद आहे, भित्रेपणा नाही. यावर साधा व्यायाम आहे: मांड्या, पोट आणि दंडाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सैल सोडायचे, वीस-तीस सेकंदांनी पुन्हा, असं पाच वेळा. उपाशीपोटी ड्युटीवर जाऊ नका. आधी चित्रफिती, मग ड्रेसिंग रूम, मग कॅज्युअल्टी, असं हळूहळू वाढवत न्या. गरगरायला लागलं तर लगेच खाली बसा आणि सोबतच्याला सांगा. काही महिने असं करूनही शुद्ध हरपत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि प्रश्न १०मधले इतर पर्याय वाचा.

९. मी मुलगी आहे. रात्रपाळी, परक्या माणसांसोबत गाडीत, लग्नाचं काय, असं सगळं घरचे विचारतात.

घरच्यांच्या काळजीतला अर्धा भाग रास्त आहे, तो खोडून काढू नका. तो भाग नोकरी देणाऱ्यापुढे ठेवा. रुजू होण्याआधी विचारा: गाडी रात्री कुठे उभी असते, तिथे कडी लागणारं स्वच्छतागृह आणि विश्रांतीची खोली आहे का, रात्रपाळी संपल्यावर घरी जाण्याची सोय काय, अंतर्गत तक्रार समितीवर कोण आहे. ही उत्तरं द्यायला जे टाळाटाळ करतात तिथे जाऊ नका. शक्य असेल तर आईला किंवा भावाला एकदा तो बेस, म्हणजे गाडी उभी राहते ती जागा, दाखवून आणा. ऐकलेल्यापेक्षा पाहिलेल्यानं घरातला विरोध जास्त निवळतो.

उरलेला अर्धा भाग काळानं सुटतो. गाडीत बाळंतपणाची वेळ आली की बाईचा हात हवा असतो. अत्याचाराच्या, भाजलेल्या सुनेच्या केसमध्ये रुग्ण बाईजवळच बोलते. वजन उचलण्याची भीती मुलींना उगाच घातली जाते. स्ट्रेचर कंबरेनं कुणीच उचलायचा नसतो, पुरुषानंही नाही. गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून, दोघांनी एका आवाजात उचलायचा.

१०. पाठीचं दुखणं निघालंय. डॉक्टर म्हणतात वजन उचलायचं नाही. म्हणजे संपलं?

गाडीवरचं काम थांबू शकतं. हा शरीराचा अडथळा आहे आणि यात जिद्द दाखवून मणक्यातली सरकलेली गादी जागेवर येत नाही. दुखणं लपवून ड्युटी केलीत तर जिन्यात रुग्णासकट पडाल. हे कठोर वाटेल, पण तुमच्या हातात आणखी एक माणूस असतो.

क्षेत्र मात्र संपत नाही. कॉल सेंटरवर फोन घेणारा आणि गाडी पाठवणारा माणूस रस्त्यावरचा अनुभव असलेला हवा असतो. घाबरलेल्या बापाला फोनवरून मुलाच्या घशातला दाणा काढायला सांगणं हे पूर्ण वाढीचं कौशल्य आहे. प्रशिक्षण, नोंदींची तपासणी, औषधं आणि उपकरणांचं व्यवस्थापन, कारखान्यातली ॲम्ब्युलन्स रूम, हेही आहे. चष्मा, मधुमेह, थायरॉइड यांनी सहसा अडत नाही. फक्त मधुमेह असेल तर बारा तासांच्या पाळीत जेवणाच्या वेळा पाळण्याची सोय आधी करा.

११. मी पायलट आहे. मला पुढे ईएमटी होता येईल का?

येईल, आणि पायलटमधून आलेले ईएमटी मला फार मोलाचे वाटतात. त्यांना रस्ता, गर्दी, पोलीस, नातेवाईक हे सगळं आधीच कळलेलं असतं. बीएलएस आजच करा, ते पायलटला तसंही हवंच. मग बारावीची अट पूर्ण असेल तर पदविका.

परवान्याबद्दल नेहमी विचारलं जातं. ६ नोव्हेंबर २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतचं वाहतूक वाहन चालवता येतं. तरी नोकरी देणारे व्यावसायिक चालकाचा बॅज मागू शकतात, म्हणून तो काढून ठेवलेला बरा. आणखी एक, सायरन लावला म्हणून अपघाताची जबाबदारी टळत नाही. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई खाली १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण सिग्नलला माणूस उडाला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

१२. वय ३८. उशीर झाला का?

खासगी क्षेत्रात नाही. सरकारी जाहिरातीत वयाची अट असते, ती आधी वाचा. रात्रपाळी अंगाला लागायला तुम्हाला विशीतल्या मुलापेक्षा जास्त दिवस लागतील, घाबरलेल्या नातेवाइकांना शांत करायला मात्र कमी.

१३. मी ज्या वस्तीतून येतो तिचं नाव ऐकूनच लोक तोंड फिरवतात. आमच्यासारख्यांना कुणी रुग्णाला हात लावू देईल का?

या प्रश्नाला मी एक खरी हकिकत सांगते. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात हिल डिस्ट्रिक्ट नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. १९६०च्या दशकात तिथल्या आजाऱ्याला न्यायला पोलिसांची गाडी यायची. आत उपचार करणारं कुणी नसायचं. १९६७मध्ये फ्रीडम हाउस ॲम्ब्युलन्स सेवा उभी राहिली. सीपीआरच्या जनकांपैकी एक असलेले डॉ. पीटर साफर यांनी आदल्याच वर्षी आपली लहान मुलगी दम्याच्या झटक्यात गमावली होती. त्यांनी याच वस्तीतली, ज्यांना कुणी नोकरीला ठेवत नव्हतं अशी माणसं निवडली आणि त्यांना सुमारे ३०० तासांचं प्रशिक्षण दिलं. त्या काळी बऱ्याच ठिकाणी रुग्णवाहिकेवरच्या माणसाला जेमतेम प्रथमोपचार यायचा. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन त्यांच्या वैद्यकीय प्रमुख झाल्या आणि त्यांनी तयार केलेला पॅरामेडिक अभ्यासक्रम देशभर नमुना ठरला.

आणि मग १९७५मध्ये शहरानं स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद केली. नव्या सेवेत या अनुभवी माणसांना परीक्षा आणि नियमांच्या नावाखाली मागे सारण्यात आलं, पुष्कळ जण बाहेर पडले. जॉन मून टिकले. ते शहराच्या त्याच सेवेचे सहायक प्रमुख होऊन निवृत्त झाले.

मी ही हकिकत गोड करून सांगत नाही. अन्याय झाला आणि तो सगळ्यांसाठी भरून निघाला नाही. पण आज जगभर पॅरामेडिक जे काम करतात त्याची एक मोठी मुळी त्या वस्तीत आहे. वस्तीचं नाव विचारणारे तुम्हालाही भेटतील. दार उघडल्यावर मात्र रुग्णाच्या घरातलं कुणी ते विचारत नाही.

१४. पहिल्यांदा डोळ्यांसमोर रुग्ण गेला. आठवडा झाला, झोप नाही. मी या कामाला लायक नाही असं वाटतंय.

लायक नसलेल्या माणसाची झोप उडत नाही. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेले बहुतेक रुग्ण जगात कुठेच वाचत नाहीत, उत्तम यंत्रणा असलेल्या शहरांतही नाही. तुम्ही सगळं बरोबर केलं तरी माणूस जातो. हे पुस्तकात एका ओळीत असतं आणि प्रत्यक्षात एका घरात असतं, म्हणून ते इतकं लागतं.

पहिल्या दिवसांत झोप न येणं, तोच आवाज पुन्हा ऐकू येणं, चिडचिड, भूक न लागणं हे होतं आणि बऱ्याच जणांचं काही आठवड्यांत ओसरतं. त्या पाळीत सोबत असलेल्याशी बोला, त्याच्या डोक्यातही तेच चाललेलं असतं. वरिष्ठांना सांगून केसची उजळणी करा: काय केलं, कधी केलं, वेगळं काय करता आलं असतं. मोघम अपराधीपणा कागदावर मांडला की त्याची हद्द ठरते. दारूनं झोप आणू नका, ती वरवरची असते. लहान मूल गेलं असेल, किंवा रुग्ण ओळखीचा असेल, तर पुढच्या एक-दोन पाळ्या बदलून मागा. यात कमीपणा नाही.

महिना उलटूनही स्वप्नं, दचकणं, त्या रस्त्यानं जाणं टाळणं सुरू असेल तर तज्ज्ञाकडे जा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर महिनाभर वाट बघू नका, आज फोन करा आणि घरातल्या एकाला सांगा.

१५. कंत्राट बदललं, नोकरी गेली. पगार तर आधीच तुटपुंजा होता. किती दिवस असं?

पगार कमी आहे, हे खरं आहे आणि ते बदलायला हवं. जीव वाचवण्याचं समाधान किराणा दुकानदार घेत नाही. कुणी तुम्हाला सेवाभाव सांगून कमी पगारावर राबवत असेल तर त्याच्यापुढे मान डोलावू नका.

आपल्याकडे बऱ्याच सरकारी रुग्णवाहिका सेवा खासगी कंपन्या निविदेनं चालवतात. निविदा बदलली की माणसं टांगणीला लागतात. हा तुमचा दोष नाही, पण तयारी तुम्हालाच ठेवावी लागते. नियुक्तीपत्र, दर महिन्याची पगारपत्रकं, अनुभव प्रमाणपत्र आणि पीएफचा यूएएन क्रमांक नोकरी चालू असतानाच हातात घ्या. कंपनी गेल्यावर अनुभव प्रमाणपत्रासाठी उंबरठे झिजवावे लागतात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो का आणि तो खरंच भरला जातो का ते तपासा. ड्युटीवर पाय मोडला तर तोच उपयोगी पडणार आहे.

मधल्या बेकार काळात कौशल्य गंजू देऊ नका. स्टँडबाय ड्युट्या घ्या, डायलिसिस किंवा आयसीयूमध्ये तंत्रज्ञांच्या हाताखाली काम मिळतं का बघा.

१६. रुग्ण दगावला, नातेवाइकांनी मारहाण केली आणि वर मलाच कारणे दाखवा नोटीस आली. राजीनामा देऊ का?

घाईनं देऊ नका. राजीनाम्याचा अर्थ कबुली असा लावला जाऊ शकतो.

आधी स्वतःची वैद्यकीय तपासणी करून जखमांची नोंद घ्या आणि पोलिसांत तक्रार द्या. महाराष्ट्रात २०१०चा वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसाचाराला प्रतिबंध करणारा कायदा आहे. त्यात पॅरामेडिकल कर्मचारीही येतात आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे.

नोटिशीला उत्तर लेखी आणि मुदतीत द्या. फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, रुग्ण कोणत्या अवस्थेत होता, काय केलं, कुठे आणि कधी सोपवला, एवढंच क्रमानं लिहा. कॉलचं ध्वनिमुद्रण आणि गाडीची जीपीएस नोंद मागा, ती बहुतेकदा तुमच्या बाजूची असते. रुग्णाच्या नोंदपत्रकात मागाहून एक अक्षरही बदलू नका. रिकामा राहिलेला रकाना माफ होतो, नंतर भरलेला होत नाही. उपचारात खरोखर काही राहिलं असेल तर तेही लिहा आणि पुनर्प्रशिक्षण मागा. मनावरच्या परिणामासाठी प्रश्न १४ पाहा.

१७. मी बीएएमएस आहे. दवाखाना चालला नाही म्हणून १०८वर आलो. यात पुढे काही आहे का?

आहे. दवाखाना न चालणं आणि आपत्कालीन कामात हात बसणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावरच्या प्रगत उपचारांचा, आणि ट्रॉमाचा, म्हणजे अपघाती जखमांचा, एखादा कोर्स करा. पुण्यात सिम्बायोसिसच्या आरोग्य विज्ञान संस्थेत आपत्कालीन वैद्यकीय सेवेची पदव्युत्तर पदविका आहे, तिची प्रवेशाची अट वाचा. एमडी इमर्जन्सी मेडिसिन ही पदवी आपल्याकडे २००९पासून मान्य झाली, ती मात्र एमबीबीएसनंतरचीच. ग्रामीण गाडीवर असाल तर सर्पदंशाचं काम मन लावून शिका. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांची लक्षणं, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची साधी चाचणी आणि जवळच्या कोणत्या केंद्रात प्रतिसर्पविष आज खरोखर शिल्लक आहे, हे ज्याला माहीत असतं त्याची तालुक्याला गरज असते.

१८. दुबई किंवा इंग्लंडला जायचंय. इथलं सर्टिफिकेट चालेल का?

आखाती देशांत आधी कागदपत्रांची पडताळणी होते, मग परवान्याची परीक्षा. पदविका-पदवी आणि नोंदवलेला अनुभव लागतो, म्हणून प्रश्न २ आणि १५ पुन्हा वाचा. इंग्लंडमध्ये पॅरामेडिक हे पद कायद्यानं राखीव आहे, नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. ऑस्ट्रेलियातही डिसेंबर २०१८पासून राष्ट्रीय नोंदणी सक्तीची आहे. इथल्या बेसिक ईएमटीच्या प्रमाणपत्रावर थेट तिथे पॅरामेडिक करतो असं सांगणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका.

१९. तीन वर्षांपूर्वी सगळं सोडून दिलं होतं. आता परत यायचंय. कुठून सुरू करू?

कार्डांपासून. अमेरिकन हार्ट असोसिएशनची बीएलएस आणि एसीएलएस कार्डं दोन वर्षंच चालतात, म्हणजे तुमची संपली आहेत. दोन्ही एकदम करू नका. आधी बीएलएस, मग काही आठवडे एखाद्या कॅज्युअल्टीत निरीक्षक म्हणून, मग एसीएलएस. मध्यंतरी शिफारशी बदललेल्या असतात, त्यामुळे जुन्या वहीतून अभ्यास करू नका.

का सोडलं होतं त्याचं उत्तर अर्ज करण्याआधी कागदावर लिहा, कारण मुलाखतीत ते विचारणारच. पाठीमुळे सोडलं असेल तर फिटनेस सर्टिफिकेट सोबत न्या. एखाद्या केसमुळे सोडलं असेल तर उपचार घेतल्याचं सांगायला लाजू नका. वरिष्ठांशी भांडण होऊन सोडलं असेल तर दुसरा जिल्हा किंवा दुसरा मालक शोधा. पहिले तीन महिने दिवसपाळी मागा. गाडी नवी असेल तर पाळी सुरू होण्याआधी अर्धा तास जा आणि सक्शन, ऑक्सिजनची चावी, प्रसूती किट कुठे ठेवलंय ते हातानं उघडून बघा. प्रत्येक गाडीत ते वेगळ्या कप्प्यात असतं.